‘दारू सोडा’ : एका वैद्यकीय सल्ल्याचा इतिहास

यकृताचा रुग्ण समोर बसला की डॉक्टरने त्याला दारू आणि तंबाखू सोडायला सांगावे, ही आज इतकी गृहीत धरलेली गोष्ट आहे की या सांगण्यालाही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो इतिहास आहे, आणि सरळ रेषेत जाणारा नाही. गेल्या सव्वादोनशे वर्षांत याच डॉक्टरवर्गाने यकृतरोग्याला दारू वर्ज्य केली, तापाच्या रोग्याला ब्रँडी पाजली, एका टप्प्यावर दारूला जवळपास निर्दोष ठरवून रुग्णाला दूध-अंडी खायला सांगितली, आणि मुंबई राज्यात तर माणसाला प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे असे दाखले सही-शिक्क्यानिशी दिले. सल्ल्याचे शब्द फारसे बदलले नाहीत. बदलत गेली ती सल्ला देणाऱ्याची जागा, आणि त्या जागेनुसार रुग्णाने त्याला द्यायची उत्तरेही.

भारतीय वैद्यकात मद्याचा विचार फार जुना असून तो निव्वळ निषेधाचा नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय मदात्यय या विकाराला, म्हणजे मद्याच्या अतिरेकाने होणाऱ्या रोगाला, वाहिलेला आहे, आणि त्याची सुरुवात मद्याच्या स्तुतीने होते. योग्य विधीने, योग्य मात्रेत, योग्य काळी आणि हितकर अन्नासह घेतलेले मद्य गुणकारी, तर अविधीने घेतलेले विषासमान, अशी त्या अध्यायाची भूमिका आहे. यकृताशी त्याचा संबंध आडवळणाने येतो. विमानस्थानात रक्त वाहणाऱ्या स्रोतसांचे मूळ यकृत आणि प्लीहा यांत सांगितले आहे, आणि सूत्रस्थानात रक्त दूषित करणाऱ्या कारणांमध्ये तीक्ष्ण व अति प्रमाणात घेतलेल्या मद्याची गणना केली आहे. ही दोन विधाने शेजारी ठेवली तर आजच्या वाचकाला ओळखीचे काही दिसू लागते, परंतु प्राचीन ग्रंथकारांनी आजचा यकृतरोग ओळखला होता असा निष्कर्ष त्यावरून काढणे हा घाईचा उत्साह ठरेल. चरकाने सांगितलेली दुसरी एक गोष्ट मात्र या विषयाच्या गाभ्याशी आहे: अंगवळणी पडलेली अहितकर सवय एकदम न तोडता चतुर्थांशाच्या क्रमाने सोडावी आणि हितकर सवय त्याच क्रमाने धरावी. टप्प्याटप्प्याने की एका झटक्यात, हा वाद पुढे युरोपातही झाला आणि व्यसनमुक्ती केंद्रांच्या बैठकांत तो अजूनही होतो.

तंबाखू चरकाला माहीत नव्हती. ती पोर्तुगिजांमार्फत दख्खनमध्ये आली, आणि विजापूरच्या दरबाराशी वाटाघाटी करून परतलेल्या असद बेगने सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी ती अकबरापुढे नजराणा म्हणून ठेवली. बादशहाने झुरका घेतला तेव्हा दरबारातील हकिमाने, ही वस्तू अपरिचित आहे आणि आपल्या ग्रंथांत तिच्याविषयी काही सापडत नाही, या कारणाने विरोध केला. असद बेगच्या वृत्तान्तातील हा प्रसंग तंबाखूवरच्या वैद्यकीय सल्ल्याचा हिंदुस्थानातील बहुधा पहिला नोंदलेला नमुना म्हणता येईल. त्या सल्ल्याचे पुढे काय झाले, हे दरबारी उमरावांनी लगोलग हुक्के मागवले यावरून कळते.

दारू आणि यकृत यांची शारीरिक गाठ पक्की झाली ती लंडनच्या शवविच्छेदनाच्या टेबलावर. मॅथ्यू बेली या वैद्याने १७९३ मध्ये रोगग्रस्त अवयवांच्या रचनेवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात गाठीगाठींनी भरलेले, आकसलेले, कठीण यकृत वर्णन करून ते मुख्यतः भरपूर मद्य पिणाऱ्यांत आढळते अशी नोंद केली. अशा यकृताला १८१९ मध्ये फ्रान्सच्या लेनेक यांनी, म्हणजे स्टेथोस्कोपच्या जनकाने, त्याच्या पिंगट रंगावरून ‘सिरोसिस’ हे नाव दिले. सिरोसिस म्हणजे यकृताच्या मऊ पेशी नष्ट होऊन त्यांच्या जागी व्रणासारखे तंतू भरत जाणे आणि उरलेल्या पेशींचे गोळे बनणे. त्यामुळे आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही, पोटात पाणी साचते, अन्ननलिकेच्या शिरा फुगून फुटतात आणि रक्ताची उलटी होते. या सर्व लक्षणांच्या आधी यकृत वर्षानुवर्षे काहीही बोलत नाही. त्याच्या गाभ्यात वेदना जाणणाऱ्या नसा जवळपास नाहीत आणि त्याची राखीव ताकद इतकी मोठी की बराचसा भाग निकामी झाला तरी माणूस कामावर जात राहतो. डॉक्टरचा सल्ला उशिरा पोचण्याचे मूळ कारण हे शारीरिक मौन आहे. दुखत नसलेल्या अवयवासाठी आवडती गोष्ट सोडायला कोणीही सहजासहजी तयार होत नाही.

बेलीच्याच काळात सल्ल्याची भाषाही घडत होती. अमेरिकेत बेंजामिन रश यांनी १७८४ मध्ये कडक दारूच्या परिणामांवर पुस्तिका लिहिली, पण बीअर आणि वाइन यांना तिच्यात सवलत होती, इतकेच काय, कडक दारूच्या जागी अफू मिसळलेली वाइन चालेल असेही सुचवले होते. याहून खोल विचार ब्रिटिश नौदलातील वैद्य थॉमस ट्रॉटर यांचा होता. त्यांनी एडिंबरो येथे १७८८ मध्ये प्रबंध सादर केला आणि १८०४ मध्ये त्याचे पुस्तक केले. अति मद्यपान हा मनाचा रोग आहे, उपदेशाने आणि धाकाने तो बरा होत नाही, वैद्याने आधी रुग्णाचा स्वभाव ओळखावा, त्याचा विश्वास मिळवावा आणि मगच बोलावे, असे त्यांचे म्हणणे होते. टप्प्याटप्प्याने सोडण्याच्या पक्षात ते नव्हते. दारू एकदम बंद करावी असा त्यांचा आग्रह होता. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर थरथर, भ्रम आणि झटके येऊन जीवही जाऊ शकतो, हे नंतर स्पष्ट झाले आणि आज असा बदल वैद्यकीय देखरेखीखालीच केला जातो, त्यामुळे या मुद्द्यावर ट्रॉटर यांचे ऐकणे धोक्याचे ठरले असते. विश्वास आधी आणि सल्ला नंतर, हा त्यांचा क्रम मात्र वैद्यकाने विसरून टाकला आणि दीडशे वर्षांहून अधिक काळाने नव्याने शोधला.

विसरण्याचे एक कारण असे की एकोणिसाव्या शतकातील डॉक्टर स्वतःच दारूचे मोठ्या प्रमाणावर वाटप करणारा होता. ताप, न्यूमोनिया, अशक्तपणा, प्रसूतीनंतरचा थकवा अशा सर्व प्रसंगी ब्रँडी आणि पोर्ट वाइन औषध म्हणून लिहून दिली जात असे. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील रॉबर्ट बेंटली टॉड हे या पद्धतीचे सर्वांत नामांकित पुरस्कर्ते होते आणि त्यांचा स्वतःचा मृत्यू १८६० मध्ये सिरोसिसमुळे झालेल्या रक्तस्रावाने झाला. इतिहासाला असा उपहास सहसा जमत नाही. लंडनमध्ये १८७३ साली दारूविना उपचार करणारे टेंपरन्स रुग्णालय मुद्दाम काढावे लागले, यावरून इतर रुग्णालयांत काय चालत असेल याची कल्पना येते.

मुंबई इलाख्यात यकृताचा प्रश्न आधी गोऱ्या शिपायांचा म्हणून पुढे आला. उष्ण हवा, हिवताप आणि अराक, म्हणजे ताडी वगैरेंपासून गाळलेली दारू, या तिन्हींवर इंग्रज डॉक्टर ‘हेपॅटायटिस’चे, म्हणजे यकृतदाहाचे, खापर फोडत. ग्रँट मेडिकल कॉलेजचे पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड यांनी १८५६ मध्ये हिंदुस्थानातील रोगांवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात यकृतदाह आणि यकृतातील गळू यांना भरपूर जागा आहे. त्या गळूंपैकी बहुतेक अमीबा या सूक्ष्म जीवामुळे होतात हे पुढे कळले आणि १९१२ मध्ये लिओनार्ड रॉजर्स यांनी इमेटीनचा उपाय दाखवल्यावर मृत्यूंचे प्रमाण घटले. परंतु अमीबाचे गळू मोठ्या प्रमाणात ताडी आणि देशी दारू पिणाऱ्या पुरुषांतच आढळते, हे भारतीय डॉक्टरांना वारंवार दिसत राहिले, त्यामुळे दारूविषयीचा सल्ला इथेही टळला नाही. वैद्यकाबाहेर हा सल्ला अधिक जोरकस होता. जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध पत्र लिहिले. तेव्हा १८७८ च्या अबकारी कायद्यामुळे सरकारी तिजोरीचा दारूशी संबंध अधिकच घट्ट झालेला होता.

या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रकरण मुंबईतच घडले आणि त्याच्या केंद्रस्थानी एक डॉक्टर होते. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. मंचरशा धनजीभाई गिल्डर हे १९३७ च्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळात आरोग्य आणि अबकारी या दोन्ही खात्यांचे मंत्री होते. दारूपासून होणारे नुकसान आणि दारूपासून मिळणारा महसूल एकाच टेबलावर येण्याचा हा योग दुर्मीळच. त्यांनी १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. बुडणारा महसूल भरून काढण्यासाठी मालमत्तेवर कर बसवावा लागला, आणि ज्यांचा दारूच्या व्यापारात मोठा वाटा होता त्या पारशी समाजातून, म्हणजे गिल्डर यांच्या स्वतःच्या समाजातून, तीव्र विरोध झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि प्रयोग अर्धवट राहिला. स्वातंत्र्यानंतर मुंबईचा दारूबंदी कायदा १९४९ मध्ये झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी आली.

कायद्याने दारू बंद केली, पण वैद्यकाचे दार उघडे ठेवले. ज्याला प्रकृती राखण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी दारूची गरज आहे, त्याला ‘आरोग्य परवाना’ मिळण्याची तरतूद होती, आणि ही गरज आहे हे ठरवायचे डॉक्टरने. तातडीच्या प्रसंगी औषध म्हणून घरात ब्रँडी, रम किंवा शँपेन ठेवता यावी यासाठी वेगळा परवाना होता. शँपेन कोणत्या तातडीच्या दुखण्यावर चालते, याचा खुलासा कायदा करत नाही. आसव आणि अरिष्ट, म्हणजे आंबवून तयार केलेली, त्यामुळे स्वतःच मद्यार्क निर्माण करणारी द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांसारखी आयुर्वेदीय औषधे, तसेच टिंक्चर आणि अत्तरे यांचे काय करायचे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९५१ च्या बलसारा खटल्यात न्यायालयाने कायद्याचा मोठा भाग मान्य करून मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने बाळगण्या-वापरण्यावरील बंदी रद्द केली. डॉक्टरच्या खोलीत मात्र या कायद्याने एक वेगळाच पेच आणला. ज्याने दारूचे दुष्परिणाम सांगायचे, त्याच्याकडेच माणूस निद्रानाश, अशक्तपणा किंवा भूक न लागणे अशी कारणे घेऊन दाखला मागायला येऊ लागला. खरे प्रमाण सांगितले तर परवाना हातचा जाईल, ही भीती बाळगणारा माणूस डॉक्टरशी दारूविषयी मोकळेपणाने बोलेल अशी अपेक्षा करता येत नाही. ज्याला दाखला परवडत नव्हता तो हातभट्टीवर नवटाक मारून घरी परतत होता आणि त्याचे पिणे तर गुन्हाच असल्यामुळे, तो रुग्णालयात आला तरी ‘घेत नाही’ एवढेच सांगत होता. दारूबंदीने किती जणांची यकृते वाचवली हा वेगळा हिशोब आहे, आणि तो टाकाऊ नाही. अमेरिकेतील दारूबंदीच्या काळात आणि जर्मन ताब्यातील पॅरिसमध्ये वाइनचे रेशन सुरू झाल्यावर सिरोसिसचे मृत्यू ठळकपणे घटले होते. परंतु डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील संवादापुरते बोलायचे तर मुंबईच्या कायद्याने त्यात खोटेपणाची सवय रुजवली, असेच म्हणावे लागते. १९६० च्या दशकात महाराष्ट्राने बंदी सैल केली, पुढे वैद्यकीय दाखल्याची अट मागे पडली, परवाना मात्र कागदोपत्री राहिला. गुजरातेत आरोग्य परवान्याची आणि डॉक्टरच्या दाखल्याची पद्धत अजून चालू आहे.

मुंबईत डॉक्टर दाखले लिहीत होते, त्याच वर्षांत पाश्चात्त्य वैद्यकाने यकृतरोग्याला देण्याच्या सल्ल्याचा पायाच डळमळीत केला होता. न्यूयॉर्कचे आर्थर पॅटेक यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सिरोसिसच्या रुग्णांना भरपूर प्रथिने आणि ब जीवनसत्त्वे असलेला आहार देऊन त्यांची प्रकृती सुधारते हे दाखवले. उंदरांच्या आहारातून कोलीन हा घटक काढून घेतला की त्यांच्या यकृतात चरबी साचते, हेही त्याच सुमारास सिद्ध झाले होते. या दोहोंवरून असा निष्कर्ष निघाला की दारुडा माणूस जेवत नाही म्हणून त्याचे यकृत बिघडते. दारू थेट दोषी नाही. इन्सुलिनच्या शोधात सहभागी असलेले चार्ल्स बेस्ट यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९४९ मध्ये, शुद्ध मद्यार्काचा यकृतपेशींवर साखरेपेक्षा वेगळा असा काही विषारी परिणाम होतो याला पुरावा नाही, अशा आशयाचे विधान केले. एवढ्या अधिकाराच्या माणसाचे विधान पाठ्यपुस्तकांत उतरायला वेळ लागला नाही. दोन दशके डॉक्टरांच्या एका पिढीला रुग्णाला ‘पिणे सोडा’ याऐवजी ‘चांगले खा’ हे अधिक शास्त्रीय वाटत राहिले, आणि पिणाऱ्यांमध्ये ‘सोबत नीट खाल्ले की दारू बाधत नाही’ ही जी समजूत आजही भक्कम आहे, तिला या काळात विद्यापीठांचा आशीर्वाद मिळाला होता. कुपोषण हे भारतातील यकृतरोगांचे मोठे कारण मानले जात असल्यामुळे इथे हा सिद्धान्त अधिकच पटण्यासारखा होता.

तो मोडून काढला चार्ल्स लीबर यांनी. त्यांनी १९६० च्या दशकात स्वेच्छेने तयार झालेल्या माणसांना पुरेसा सकस आहार आणि सोबत मोजून मद्यार्क दिला, तरीही त्यांच्या यकृतात चरबी साचली. पुढे बबून जातीच्या माकडांना निम्म्या उष्मांकांइतका मद्यार्क असलेला परिपूर्ण द्रव आहार वर्षानुवर्षे देऊन १९७४ मध्ये त्यांनी आणि इमॅन्युएल रुबिन यांनी त्या माकडांना सिरोसिस झाल्याचे दाखवले. याच्या थोडे आधी, १९६८ मध्ये, येल विद्यापीठातील पॉवेल आणि क्लॅट्स्किन यांनी अधिक उपयोगी आकडे हाती दिले होते: सिरोसिसच्या रुग्णांपैकी ज्यांनी दारू सोडली त्यांच्यातील सुमारे ६३ टक्के पाच वर्षांनी जिवंत होते, आणि ज्यांनी पिणे चालू ठेवले त्यांच्यातील सुमारे ४० टक्के. सिरोसिस झाल्यानंतरही सोडण्यात अर्थ आहे हे सांगायला डॉक्टरकडे पहिल्यांदाच भरीव आधार आला. तोवर ‘आता काय उपयोग’ या रुग्णाच्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

किती प्यायले म्हणजे धोका, हा प्रश्न फ्रान्समध्ये पेकिन्यो यांनी ग्रॅमांच्या हिशोबात मांडला. महाराष्ट्रातील दवाखान्यात हा हिशोब ‘क्वार्टर’मध्ये करावा लागतो. भारतात बनणाऱ्या व्हिस्की-रमची १८० मिलिलिटरची बाटली, म्हणजे क्वार्टर, साधारण ४२.८ टक्के मद्यार्काची असते आणि तिच्यात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. रोज एवढे घेणारा माणूस यकृताला धोका असलेल्या गटात निश्चितपणे मोडतो, तरी त्याच्या स्वतःच्या मते तो ‘थोडीच’ घेत असतो, कारण त्याच्या शेजारचा खंबा, म्हणजे अख्खी बाटली, संपवतो.

सल्ला देण्याच्या कलेचा अभ्यास दारूबरोबरच सिगारेटवरही झाला. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचे नाते दाखवल्यावर पहिले शहाणे झाले ते ब्रिटनचे डॉक्टर, आणि स्वतः सोडलेला माणूस दुसऱ्याला सांगू लागला. लंडनमध्ये मायकेल रसेल यांनी १९७९ मध्ये २८ कुटुंबवैद्यांच्या दोन हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या रुग्णांवर प्रयोग केला: डॉक्टरने दोन मिनिटे स्पष्ट सांगितले, एक पत्रक दिले आणि पुन्हा विचारपूस होईल हे कळवले, तर वर्षभरानंतर ५.१ टक्के रुग्ण सुटलेले होते. ज्यांना काहीच सांगितले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण ०.३ टक्के होते. शंभरातले पाच हा आकडा किरकोळ वाटतो, परंतु प्रत्येक डॉक्टरने प्रत्येक रुग्णाला दोन मिनिटे दिली तर लाखोंच्या देशात त्याचे काय होईल, हे कागदावर मांडून पाहावे. दोन वर्षे आधी, १९७७ मध्ये, ग्रिफिथ एडवर्ड्स आणि जिम ऑर्फर्ड यांनी १०० विवाहित मद्यपींचे दोन गट करून एकाला संपूर्ण उपचार आणि दुसऱ्याला, पत्नीच्या उपस्थितीत, फक्त एक बैठक आणि स्पष्ट सल्ला दिला होता. वर्षअखेरीस दोन्ही गटांत फारसा फरक निघाला नाही, आणि या निकालाने उपचारकांच्या अभिमानाला बरेच दिवस ठणका दिला.

यकृतरोगाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक प्रयोग स्वीडनच्या माल्मो शहरात झाला. रक्तातील जीजीटी हे यकृताचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, नियमित पिणाऱ्यांत वाढते. हॅन्स क्रिस्टेन्सन यांनी मध्यमवयीन पुरुषांची सामूहिक तपासणी करून ज्यांचे जीजीटी जास्त होते त्यांच्यातील निम्म्यांना नियमित बोलावले, दरमहा परिचारिकेने रक्त तपासून आकडा दाखवला आणि पिणे कमी केले की तो कसा उतरतो हे त्यांना स्वतःला पाहू दिले. उरलेल्यांना फक्त पत्राने कळवले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटाच्या आजारपणाच्या रजा आणि रुग्णालयातील दिवस कमी झाले. यात उपदेश जवळपास नव्हता आणि ‘दारुडा’ हे लेबलही नव्हते. मुक्या अवयवाला या आकड्याने बोलते केले, आणि रुग्णाचा वाद डॉक्टरशी न होता स्वतःच्या रक्ताशी होऊ लागला. सोनोग्राफीतील ‘फॅटी लिव्हर’ आणि यकृताचा कडकपणा मोजणारे फायब्रोस्कॅन हे यंत्र आज तेच काम करतात, आकडा समजावून सांगायला कोणी समोर बसत असेल तर.

विचारण्याची भाषाही याच काळात सुधारली. पिणे कमी करावेसे कधी वाटले का, कोणी टोकले तर राग येतो का, अपराधी वाटते का आणि सकाळी उठताच घ्यावी लागते का, असे चार प्रश्न जॉन युइंग यांनी १९८४ मध्ये मांडले, तर जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये दहा प्रश्नांची चाचणी तयार केली. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह विस्तारलेली संवादपद्धती सांगते की बदलाची कारणे रुग्णाच्या तोंडून निघाली पाहिजेत. डॉक्टर जितका जोर लावतो तितका रुग्ण आपल्या पिण्याची बाजू लढवतो. ट्रॉटर यांचे १८०४ चे पुस्तक उघडून पाहिले असते तर यातील अर्धे तिथे मिळाले असते. महाराष्ट्रात पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने, जे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये सुरू केले, माणसाला दोष न देता आजार म्हणून व्यसनाकडे पाहण्याची भाषा मराठीत रुळवली.

तंबाखूचा सल्ला यकृतरोग्यापर्यंत सर्वांत उशिरा पोचला. एक लक्षण डॉक्टरांना जुने माहीत होते: विषाणूजन्य कावीळ सुरू होण्याआधी सिगारेट ओढणाऱ्याला सिगारेट अचानक नकोशी होते, आणि रोग ओसरू लागला की तलफ परतते. पण धूम्रपान फुफ्फुसाचे आणि हृदयाचे मानले गेल्यामुळे यकृताच्या दवाखान्यात त्याची चौकशी होत नसे. दारू सोडणाऱ्याच्या हातून विडीही काढून घेतली तर तो दोन्ही पुन्हा धरील, ही समजूतही आड येत होती, जरी नंतरच्या अभ्यासांनी तिला आधार दिला नाही. अल्कोहॉलिक्स अॅनॉनिमसचे एक संस्थापक बिल विल्सन यांनी १९३४ पासून दारूला स्पर्श केला नाही, आणि १९७१ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तो आयुष्यभराच्या धूम्रपानानंतर फुफ्फुसांच्या विकाराने. तंबाखूच्या धुरामुळे यकृताचा कर्करोग होतो असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये आणि अमेरिकेच्या सर्जन जनरलने २०१४ मध्ये दिला. महाराष्ट्रात तंबाखू मुख्यतः मळून, मशेरीने आणि २०१२ च्या बंदीनंतरही गुटख्याच्या पुडीतून जाते, त्यामुळे ‘तुम्ही धूम्रपान करता का’ या प्रश्नाला ‘नाही’ असे खरे उत्तर देणाऱ्या रुग्णाच्या गालात त्या क्षणीही तंबाखू असू शकते. प्रत्यारोपण झालेल्या माजी मद्यपींमध्ये तोंडाचे आणि घशाचे कर्करोग वाढतात, कारण शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून दिलेली औषधे प्रतिकारशक्ती दाबतात आणि तंबाखू आपले काम करत राहते.

प्रत्यारोपणाने सल्ल्याचे स्वरूप पुन्हा पालटले. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये पहिला प्रयत्न केला, १९८० च्या दशकात शस्त्रक्रिया रूढ झाली आणि दारूमुळे यकृत गेलेल्यांना दुर्मीळ अवयव द्यावा का हा वाद पेटला. त्यातून सहा महिने दारू सोडल्याशिवाय यादीत नाव नाही, असा दंडक अनेक ठिकाणी आला, आणि डॉक्टर पुन्हा एकदा परवाना देणारा अधिकारी झाला. फरक एवढाच की मुंबईतला माणूस दारू मिळावी म्हणून लपवत होता आणि हा यकृत मिळावे म्हणून. फ्रान्स-बेल्जियममधील फिलिप मातुरिन यांच्या गटाने २०११ मध्ये, औषधांना दाद न देणाऱ्या तीव्र मद्यजन्य यकृतदाहाच्या काटेकोर निवडलेल्या २६ रुग्णांवर सहा महिने न थांबता प्रत्यारोपण केले. सहा महिन्यांनी त्यांच्यातील ७७ टक्के जिवंत होते, तुलनेच्या गटातील २३ टक्के. आणि पुन्हा प्यायला लागलेले फक्त तिघे निघाले. त्या निवडीत कुटुंबाचा भक्कम आधार ही एक अट होती.

भारतात ही अट आपोआपच वेगळे रूप घेते. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १९९८ मध्ये दिल्लीत पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण झाले, पण मेंदूमृत दात्यांची संख्या अपुरी असल्यामुळे इथली बहुसंख्य यकृते जिवंत नातेवाइकांकडून येतात, आणि दाता अनेकदा पत्नी, मुलगा किंवा मुलगी असते. त्यामुळे समुपदेशनाची एक बैठक रुग्णाविना, एकट्या दात्याबरोबर होते. जिने वीस वर्षे त्याचे पिणे सोसले तिला आपल्या यकृताचा अर्ध्याहून अधिक भाग त्याला द्यायचा असतो, तो पुन्हा पिणार नाही याची हमी कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही, आणि सासर-माहेरची सगळी माणसे बाहेर बाकावर बसलेली असतात. या बैठकीत तिला सांगितले जाते की शस्त्रक्रियेच्या क्षणापर्यंत तिला माघार घेता येते, आणि तिने घेतली तर बाहेर कारण सांगितले जाणार नाही. रुग्णाला आणि नातेवाइकांना एवढेच कळवले जाईल की तपासणीत दाता वैद्यकीयदृष्ट्या योग्य ठरली नाही.